प्रेसच्या माळ्यावरची म्युझिक कंपनी

गोरक्ष दहिफळे मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा आपण नुकतेच वारलो आहोत अशी माझी खात्री झाली होती.

नगरहून राहुरीला एका साखरपुड्याला निघालो होतो. देहऱ्याच्या पुढे माझ्या स्कूटरसमोर उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर दोन मजली ऊस आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डवर घरातल्या फ्रिजएवढे दोन स्पीकर. त्यातून पहिला ठोका पडला तेव्हा माझा चष्मा कपाळावर गेला. दुसऱ्या ठोक्याला दाढेत भरलेलं सिमेंट जिभेवर आलं. तिसऱ्याला माझ्या स्कूटरचा हॉर्न आपोआप वाजला, जो सावेडीतल्या एकाही मेकॅनिकला वाजवता आला नव्हता. रस्त्याकडेला बांधलेली एक म्हैस उठून उभी राहिली, तिनं ट्रॅक्टरकडे नीट बघितलं आणि आज संध्याकाळी दूध द्यायचं नाही असं ठरवून पुन्हा खाली बसली. ट्रॉलीतला ऊस कारखान्यात पोचायच्या आधीच निम्मा रस झाला असणार. मी स्कूटर बाजूला घेतली आणि छातीवर हात ठेवून बाभळीखाली टेकलो.

ट्रॅक्टर थांबला. मडगार्डवरून तिशीतला एक माणूस उतरला. पांढरा शर्ट, काळा गॉगल, गळ्यात सोन्याच्या रंगाची साखळी आणि पायात कारखान्यातले सेफ्टी शूज. यमाकडे सेफ्टीची एवढी काळजी घेत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सर, बेस बसला का?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"छातीत."

"मला वाटलं अटॅक आला."

"म्हंजे बसला." तो ड्रायव्हरकडे वळला. "सरांना बसला रे. डाव्या बाजूचा स्पीकर आजून वाईच बाहेर काढ."

मग त्यानं मला पाणी पाजलं आणि गाणं कसं वाटलं ते विचारलं. त्या सगळ्यात गाणंही होतं हे मला तेव्हा कळलं. तसं मी त्याला सांगितलं. तो अजिबात रागावला नाही. मोबाईल काढून त्यानं तेच गाणं हळू आवाजात लावलं. एक बाई उंच, कणखर आवाजात गात होती:

*पुढच्या ट्रॉलीत ऊस गं बाई, मागच्या ट्रॉलीत हौस गं,*
*डायवर म्हनतो दम धर, मी म्हन्ते आता बस गं.*

आणि मधूनमधून, कुणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून ढकलून द्यावं तसा ठोका: धाड्.

"कोणी लिहिलंय?" मी विचारलं.

"मीच. चालबी माझी. रेकॉर्डिंगबी माझं. आन ट्रॅक्टरवर पोचवतोबी मीच." त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं. त्यावर लिहिलं होतं: 'अश्विनी म्युझिक. गीत, संगीत, ध्वनिमुद्रण, वितरण. नागापूर एमआयडीसी.' खाली, 'प्रोप्रायटर: सौ. अश्विनी', 'शुभाशीर्वाद: श्री. कल्याणशेठ' आणि एक मोबाईल नंबर.

"तुमचं नाव कुठं आहे यात?"

"माझं कशाला? फोन केल्यावर मीच उचलतो की."

साखरपुडा माझा चुकला. पण त्या आठवड्यात मी नागापूरला जाऊन त्याची कंपनी बघून आलो आणि पुढं कितीतरी वेळा जात राहिलो. फुकट मिळणारी करमणूक आणि त्याच्यासोबत चहा, एवढ्या दोन गोष्टी नगरमध्ये एका ठिकाणी मिळणं अवघड आहे.

गोरक्ष मूळचा पाथर्डीच्या पूर्वेकडचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याचं निम्मं बालपण गावात आणि निम्मं दर वर्षी वेगळ्या कारखान्याच्या आवारात, उसाच्या पाचटाच्या कोपीत गेलं. पुढं आयटीआय करून तो नागापूरला कल्याणशेठच्या प्रेस शॉपमध्ये लागला. तिथं पत्र्यातून वॉशर कापायचे. पायाखाली पेडल दाबायचं, वरून प्रेस येणार, धाड्, एक वॉशर. गोरक्षच्या शेजारच्या मशिनीवर बजरंग नावाचा ऑपरेटर होता. हा घुमा माणूस. दिवसभरात जेवढे वॉशर काढायचा त्याच्या शंभराव्या हिश्शानंसुद्धा बोलायचा नाही.

वॉशर काढता काढता गोरक्षला गाणी सुचायला लागली. आधी त्यानं कामगारांच्या वाढदिवसाला गाणी केली. मग कामगारांच्या साहेबांच्या वाढदिवसाला. मग साहेबांना ज्यांच्याकडे जाऊन हात जोडावे लागायचे त्यांच्या वाढदिवसाला. एक दिवस त्यानं कल्याणशेठला सांगितलं की मला शॉपवरचा माळा भाड्यानं द्या, मी नोकरी सोडतो. अशा रीतीनं संगीतक्षेत्रात त्यानं एक मोठी झेप घेतली. झेपेची उंची एका लोखंडी जिन्याएवढी होती.

माळ्यावर त्यानं भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, त्यावर बारदान लावलं, कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला. आवाज आत येऊ नये म्हणून त्यानं दारालाही गादी ठोकली होती. पण आवाज दारातून येत नव्हताच. तो जमिनीतून यायचा. खाली प्रेस चालू झाला की माईकचा स्टँड स्वतःहून नाचायचा. त्यामुळे गोरक्ष फक्त कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत गाणी ध्वनिमुद्रित करायचा. म्हणून त्याचं कुठलंही गाणं भाकरी, भाजी आणि एक विडी एवढ्या वेळात बसणारं असायचं. कडवं वाढवायचं म्हटलं की तो खाली जाऊन विचारायचा, "आज कुनी लाडू-बिडू आनलेत का?"

त्याचा मुख्य धंदा नावाचा. म्हणजे असं की, भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं त्यानं एकदाच करून ठेवलं होतं आणि भाऊंच्या नावाच्या जागी फट ठेवली होती. गिऱ्हाईक आलं की फटीत नाव बसवायचं. राम आला तर एक ठेका मोकळा सोडायचा, आदिनाथ आला तर ठेका जरा पळवायचा. शिवाय गाणं सुरू व्हायच्या आधी, घुमणाऱ्या आवाजात, सगळ्यांची नावं पुकारायची पद्धत. कुणाच्या सौजन्यानं, कुणाच्या आशीर्वादानं, कुणाच्या मित्रमंडळाच्या वतीनं. हा पुकारा गोरक्ष स्वतः करायचा. अशी नावं घेऊन घेऊन त्याला सवयच लागली होती. घरी जेवायला बसला तरी आधी तो वाढणाऱ्याचं, मग ज्वारी पिकवणाऱ्याचं आणि मग गॅसची टाकी आणून देणाऱ्याचं नाव घेईल अशी भीती वाटायची.

अश्विनी, त्याची बायको, एमआयडीसीतच एका कंपनीत पॅकिंगला होती. घर तिच्या पगारावर चालायचं आणि हे ती कुणापासून लपवायची नाही.

"सर, तुमी तरी ह्यांना समजवा," ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली. "माझ्या नावानी कंपनी काढली. आता लोक मला विचारत्यात, म्याडम, तुमची गाणी लई आवडली. मला तर धड आरती म्हनता येत न्हाई."

"अगं, नाव गाजतंय की तुझं," गोरक्ष म्हणाला.

"नाव गाजतंय, पन दळन मीच आनते."

आता त्या ट्रॉलीच्या गाण्याचं सांगतो. हे गाणं कुणाच्या ऑर्डरचं नव्हतं. त्यात कुणाचा वाढदिवस नव्हता, कुणाचं नाव बसवायला फट नव्हती. गोरक्षनं ते स्वतःसाठी लिहिलं होतं आणि त्याला गायला कुणी मिळत नव्हतं. नगरच्या एका गायिकेनं शब्द वाचून विचारलं, मागच्या ट्रॉलीत नेमकं काय आहे? गोरक्षनं सांगितलं, हौस. ती म्हणाली, मग मी येत नाही.

आणि एके दिवशी दुपारी त्याची चुलती मनकर्णाबाई माळ्यावर येऊन थडकली. तिची ऊसतोडीची टोळी राहुरीकडून संगमनेरकडे निघायची होती, ट्रॉलीचा आस मोडला म्हणून ट्रॅक्टर नागापूरला वेल्डिंगसाठी आणला होता, आणि सोबत आलेली चुलती पुतण्या काय उद्योग करतो ते बघायला जिना चढून आली. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, हाताला कोयत्याचे घट्टे. ती शेताच्या या टोकाला गायला लागली की त्या टोकाची माणसं काम थांबवायची, असा तिचा लौकिक. गोरक्षनं शब्द वाचून दाखवले.

"काय रं हे, गोरक्ष्या," ती म्हणाली. "मागच्या ट्रॉलीत हौस म्हन. आमी बसतो मागच्या ट्रॉलीत. भांडी आसत्यात, शेळी आसती आन नंदेचं पोरगं वकत आसतं."

"काकू, गाण्यात शेळी घेता येत न्हाई."

"का? तिला काय लाज वाटती?"

पण चाल तिला आवडली. जेवणाची सुट्टी झाली, खाली शांतता पसरली आणि काकूनं सूर लावला. पहिलं कडवं झालं आणि खालून आवाज आला: धाड्.

झालं होतं असं की त्या दिवशी अर्जंट माल होता आणि बजरंग डबा अर्धा टाकून मशिनीवर बसला होता. गोरक्षनं कपाळाला हात लावला. पण काकू थांबली नाही. तिचं सगळं आयुष्य असल्याच ठोक्यावर गेलेलं. कोयता खाली येणार, ऊस आडवा होणार, तेवढ्यात पुढचा शब्द घ्यायचा. तिनं प्रेसला टोळीतला एक गडी समजून सोबत घेतलं आणि गाणं धाड् धाड् करत शेवटाला नेलं.

"पुन्यांदा म्हनायचं का?" तिनं विचारलं. तेवढ्यात खाली ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. आस बसला होता, टोळी निघाली होती. काकू जिना उतरून गेली.

गोरक्षनं ते गाणं आहे तसं ठेवलं. दुसरा इलाज नव्हता. सुरुवातीचा पुकारा करताना त्यानं मनकर्णाबाईंचं नाव घेतलं, जिच्या हाताखाली ती गाणं आणि कोयता दोन्ही शिकली त्या तिच्या सासूचं, झुंबरबाईंचं नाव घेतलं आणि बजरंग चूक झाली म्हणून ओशाळून वर आला होता, तर त्याला बरं वाटावं म्हणून त्याचंही घेतलं: "ऑन द प्रेस, बजरंग." मग पेनड्राइव्ह भरून तो रस्त्यावर उभा राहिला आणि येईल त्या उसाच्या ट्रॅक्टरला हात करून गाणं देत सुटला. ही त्याची वितरणव्यवस्था. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना जे साधलं नाही ते त्याला साधलं: त्याचं गाणं ताशी वीस किलोमीटर वेगानं, मागं गाड्यांची रांग लावून जायचं आणि रांगेतल्या कुणालाही ते ऐकल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही.

हंगाम संपेपर्यंत ते गाणं जिल्ह्यात अशा ठिकाणी पोचलं जिथं एसटीसुद्धा नाखुशीनं जाते. हळदीत वाजलं, जावळात वाजलं. शिर्डीला फुलांच्या एका गाळ्यावर मी स्वतः ऐकलं. हिवरे बाजारचं पाणी बघायला निघालेल्या सहलीच्या बसमध्ये शाळेच्या मुली ते म्हणत होत्या आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ज्यांच्याकडं मूळ गाणं नव्हतं ते लोक ठोक्याच्या जागी जे हाताशी असेल ते आपटायचे. वाळकीत एका हळदीत म्हणे जर्मनच्या परातीला पोचे आले.

मग उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. त्याचं नाव पार्थ. वय पोरसवदा, पँटला इतके खिसे की किल्ली शोधताना त्याला दम लागायचा. त्याला माळा बघून भरून आलं. "गोरक्षजी, हा रॉ साउंड आहे," तो म्हणाला.

"आजून शिजवायचा का?" गोरक्षनं काळजीनं विचारलं.

पार्थचं म्हणणं असं की आणखी एक गाणं असंच करून द्या, ते चाललं की कंपनी तुमच्याशी कायमचा करार करील. वर्षभर गाणी तुम्ही करायची, विकायची आम्ही. गोरक्ष जिन्यावरून तरंगत खाली उतरला. खाली अश्विनी उभी होती आणि तिच्याशेजारी कल्याणशेठ. दोघांचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं.

"दसऱ्यापर्यंत," अश्विनी म्हणाली. "करार झाला तर माझी काय हरकत न्हाई, जन्मभर गा. न्हाई झाला तर शेठकडं पहिल्या पाळीची जागा मोकळी हाय. मी एकटीनं किती दिवस ओढू? खंडेनवमीला एकतर तुमच्या कॉम्प्युटरला हार, न्हाईतर खालच्या मशिनीला. तुमच्या हातानी."

"मान्य," गोरक्ष म्हणाला. तो लगेच मान्य करतो. त्याच्या या गुणावरच त्याचं लग्न झालं होतं.

दुसरं गाणं होतं मुकादमाच्या बुलेटवरचं:

*मुकादमाच्या बुलेटला गं आरसा बसवा मोठा,*
*त्यात दिसू द्या तोंड माझं, रस्ता दिसला तर तोटा.*

पार्थनं आग्रह धरला की हे पुण्याच्या चांगल्या स्टुडिओत करू. मनकर्णा काकूला गाडीनं पुण्याला नेलं, काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावले. एसीच्या गारठ्यात काकूनं शाल गुंडाळली आणि असा काही आवाज लावला की पार्थला वाटलं, बाई कुणाला तरी श्रद्धांजली वाहताहेत.

"काकू, मोकळ्या आवाजात म्हणा ना," तो म्हणाला.

"बाबा, मला माझाच आवाज कानात ऐकू येतोय. लई मोठ्यानं वरडते रे मी. आजवर कुनी सांगितलं का न्हाई?"

सगळे परत नागापूरला आले. माळ्यावर काकू, खाली प्रेसवर बजरंग. या वेळी मात्र बजरंगला आधीच सांगितलं होतं की तू वादक आहेस. आणि हा मोठा घोटाळा झाला. एवढी वर्षं गप्प असलेला माणूस वादक झाल्याबरोबर बोलू लागला. नवीन शर्ट घालून आला. मशिनीला हात लावायच्या आधी त्यानं मशिनीच्या पाया पडून मग स्वतःच्या कानाला हात लावला. त्याच्या पायाखालून कधी दुगण निघायची, कधी तिहाई. ठेका फार गोड होता. पत्रा मात्र डायखाली तिरका बसायचा आणि खोक्यात जे पडायचं त्याला वॉशर म्हणणं अवघड होतं.

"बज्या, हे काय हाय?" कल्याणशेठनं एक तुकडा उचलून विचारलं. तो द्वितीयेच्या चंद्रासारखा दिसत होता.

"शेठ, समेवर यायचं आसलं की पत्रा सरकवायला टाइम मिळत न्हाई."

"मग गिऱ्हाईकाला काय पाठवू? सम पाठवू का खोक्यात भरून?"

"पाठवा की. पार्थसाहेब म्हनत्यात, लोकांना तेच पायजे."

शेवटी तोडगा निघाला. खराब मालाच्या बदल्यात कल्याणशेठचंही नाव गाण्याच्या पुकाऱ्यात घ्यायचं ठरलं. मग बजरंग म्हणाला, शेठचं नाव घेणार तर माझं दोनदा घ्या. काकू म्हणाली, माझं एकदाच घे पण सासूचं विसरू नको. ट्रॅक्टरचा मालक आदिनाथ, ज्याच्या बुलेटवरून गाणं सुचलं तो मुकादम राम, सगळ्यांची सोय लावता लावता पुकाराच गाण्याएवढा झाला. मी त्या दिवशी माळ्यावरच होतो. पार्थ हेडफोन लावून ऐकत बसला आणि बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "गोरक्षजी, गाणं कधी सुरू होतं?"

"नावं संपल्यावर."

"आणि यात तुमचं नाव?"

"जेवनाच्या सुट्टीत बसंना. कुनाचं तरी काढावं लागलं आसतं."

"पण गीत, संगीत, सगळं तुमचं आहे ना?"

"आवो, पुकारनारा मीच हाय की. आवाज माझाच हाय." गोरक्ष त्याला धीर देत म्हणाला.

मीही त्याला म्हटलं, अरे, हे गाणं चाललं तर तुझा करार आहे, निदान एकदा तरी स्वतःचं नाव घे. तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही मी त्याला लग्नात स्वतःलाच अहेर करायला सांगितलं होतं. "सर, गिऱ्हाईकाच्या गान्यात आपलं नाव कुनी टाकतं का? आपन फट ठेवायची. ज्याचं त्यानं बसवायचं."

व्हिडिओ खालीच, प्रेस शॉपमध्ये काढला. मनकर्णा काकू नाकात नथ आणि हातात कोयता घेऊन उभी राहिली. कॅमेऱ्यासमोर ती जराही बावरली नाही, कॅमेराच थोडा बावरल्यासारखा वाटला. बजरंगनं मिशीला पीळ देऊन पेडलवर पाय ठेवला. गोरक्ष कॅमेऱ्यामागं उभा राहून सगळ्यांना इशारे देत होता. एका ठिकाणी त्याचा कोपर दिसतो. तो आता माझ्या मोबाईलवर कुणालाही थांबवून दाखवता येतो, मी दाखवतोही.

गाणं पोळ्याच्या सुमाराला आलं आणि गणपतीत असं काही वाजलं की आधीचं गाणं त्याच्यापुढं अंगाई वाटावं. लोक बजरंगला ओळखू लागले. एमआयडीसीच्या चौकात पोरं त्याच्यासोबत फोटो काढायची आणि तो पाय पेडलवर ठेवल्यासारखा पुढं टाकून उभा राहायचा. पाथर्डीच्या बाजारात मनकर्णा काकूला मेथी फुकट मिळू लागली. गोरक्षही बाजारात जायचा. त्याला मेथी नेहमीच्या भावानं मिळायची आणि भाजीवाली वर त्याला विचारायची, "ते मनकर्णाबाईचं गानं तुमी ऐकलं का?" तो म्हणायचा, "लई भारी हाय." आणि खूश होऊन घरी यायचा.

दसऱ्याच्या तोंडावर पार्थ आला. माळ्यावर गोरक्ष, अश्विनी, मी आणि चहा असे सगळे तयार होतो. गोरक्षनं शर्टाला इस्त्री केली होती. पार्थनं सगळे खिसे चाचपून कागद काढले. त्याचा चेहरा पडलेला होता. तो मुलगा वाईट नव्हता.

"गोरक्षजी, कंपनीनं करार मंजूर केलाय," तो म्हणाला. "मनकर्णाबाईंशी आणि बजरंगशी."

खाली एक वॉशर पडला.

"मी खूप सांगितलं तिथं," पार्थ पुढं म्हणाला. "पण साहेब म्हणाले, लोक जे नाव मागतात त्याच्याशी करार करायचा. लोक बजरंगचं गाणं मागतात. मनकर्णाबाईंचं मागतात. एका ठिकाणी तर झुंबरबाईंचं मागितलं. तुमचं नाव कुणी घेतच नाही. गाणी आता पुण्याला आमची टीम लिहील."

अश्विनीचा चेहरा बघून मी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं ही आता पार्थला जिन्यावरून खाली पाठवणार, आणि जिन्याचा वापर न करता. पण ती नवऱ्याकडं बघत होती. गोरक्षनं गॉगल काढला, पुसला आणि विचारलं, "काकूला आता ऊसतोडीला जावं लागनार न्हाई ना?"

"नाही. वर्षभर कार्यक्रम आहेत."

"आन बज्याला?"

"त्यालाही."

"मग सासूचं नाव पुकाऱ्यात ठेवा. न्हाईतर काकू गानार न्हाई." एवढं बोलून तो हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. "सर, आख्ख्या जिल्ह्याची नावं घेतली ओ मी."

"घ्या आजून," अश्विनी म्हणाली. "माझं घ्या, शेठचं घ्या, म्हशीचं घ्या." आणि तीही हसायला लागली. मग डोळे पुसून तिनं नवऱ्याच्या कॉलरला लागलेला अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा काढला. "माझ्या हिशेबानी तर तुमी दोनदा पास झालात. पन ठरलं ते ठरलं."

"ठरलं ते ठरलं," गोरक्ष म्हणाला.

खंडेनवमीला कल्याणशेठच्या शॉपमध्ये पूजा झाली. बजरंग पुण्याहून खास गाडी करून आला होता, काकूही आली होती. ज्या मशिनीवरून बजरंग उठला, तिला गोरक्षनं झेंडूचा हार घातला. काकूनं त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "गोरक्ष्या, तिकडचे शब्द काय मला गोड लागंनात. सगळ्यात पाऊस न् चांदनंच आसतं. तू लिहून दे, मी आमचं म्हनून खपविते." गोरक्षनं लगेच मान्य केलं. पेढे वाटायच्या आधी त्यानं सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले. त्यात माझंही नाव होतं, आणि मी तर फक्त चहा पीत आलो होतो.

गोरक्ष दहिफळे सध्या कल्याणशेठकडे पहिल्या पाळीला प्रेस चालवतो. माळ्यावर आता पॅकिंगची खोकी असतात.